भाऊजींचं हरीण

रानातल्या शांततेवर आमच्या भाऊजींइतकं प्रेम करणारा, आणि ती शांतता इतक्या नेटानं मोडणारा दुसरा माणूस पिंपरी ते चाकण या टापूत झाला नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. पिंपरीच्या माळावर तेव्हा एक कारखाना नवा नवा उभा राहिला होता. तिथं ते फोरमन होते आणि त्यांच्याच वशिल्यानं मीही चिकटलो होतो. रविवारी लोक दुपारपर्यंत लोळत; भाऊजी मात्र मला, गणपतला आणि कारखान्यातल्या आणखी दोघा-तिघांना भाड्याच्या सायकलींवर बसवून तळी आणि रानं दाखवायला उजाडताच बाहेर काढत. कुणी कुरकुर केली, तर "घरात पडून राहायला माणूस म्हणजे काय पाटा-वरवंटा आहे?" असं विचारत.

त्यांच्या गळ्यात लिलावात घेतलेली एक दुर्बीण असे. तिच्या एका भिंगातून काहीच दिसत नसे आणि दुसऱ्यातून सगळं दोन-दोन दिसे. त्यामुळे हिशेब बरोबर जुळतो, असं भाऊजींचं म्हणणं. कुठल्याही तळ्यावर पोचले की आधी ओंजळभर पाणी पिऊन ते त्याचा दर्जा ठरवत. एकदा "इंद्रायणीपेक्षा हलकं आहे" असा निकाल देऊन झाला आणि मग पलीकडच्या लव्हाळ्यात डुंबणाऱ्या म्हशी दिसल्या. भाऊजींनी शांतपणे तोंड पुसलं. "तरीच जराशी साय लागली," ते म्हणाले.

पण त्यांचा खरा जीव अडकला होता तो चिंकाऱ्यात. चाकणच्या अलीकडं एका गावतळ्यावर सकाळी चिंकारे पाण्याला येत. आयुष्यात एकदा तरी ते हरीण डोळे भरून बघायचं, एवढीच त्यांची इच्छा. त्यासाठी शांतता हवी. म्हणून तळं जवळ आलं की भाऊजी सगळ्यांच्या पुढं होत, आमच्याकडं तोंड करून उलटे चालू लागत आणि शांतता या विषयावर बोलत. "पाय मांजरासारखा टाकायचा. खोकायचं नाही. गणपत, तू श्वास फार जोरात घेतोस." त्यांच्या पाठीमागं हरणं माना वर करत, आमच्याकडं बघत, आणि भाऊजी वळायच्या आत टेकाडाआड होत. आम्ही हरणं पाहिली; भाऊजींनी धूळ पाहिली. त्यांचा पडलेला चेहरा बघवत नसे, म्हणून कुणालाच काही दिसलं नाही असं सांगायचं आम्ही आपसांत ठरवून टाकलं. तळ्यावरच्या मेंढपाळाला मात्र हे ठाऊक नव्हतं.

"व्हती की पावणं, आत्ता हितंच व्हती," तो म्हणाला. "तुमी बोलाया लागला आन् गेली."

भाऊजींनी आमच्याकडं वळून पाहिलं. "ऐकलंस, गणपत?"

पुढं भाऊजींना बढती मिळाली आणि दूर नागपूरकडं बदली झाली. निघायच्या आधीचा शेवटचा रविवार संक्रांतीच्या तोंडावर आला. त्या दिवशी अक्का पहिल्यांदाच आमच्याबरोबर आली, माझ्या सायकलीच्या कॅरिअरवर डबा धरून. तळं जवळ आलं, भाऊजी वळले, "आता शांतता म्हणजे..." एवढं म्हणाले, तोच अक्कानं डब्यातला चिक्कीच्या गुळाचा भलाथोरला तिळाचा लाडू त्यांच्या उघड्या तोंडात कोंबला. "घ्या, आणि गोड बोला," असं म्हणून तिनं त्यांना खांद्याला धरून तळ्याकडं फिरवलं.

भाऊजींचे दात लाडवात रुतून बसले. काठावर एक मादी आणि तिचं पाडस पाणी पीत होती. भाऊजी जागच्या जागी खिळले. दुर्बीण त्यांनी हातातही घेतली नाही. हरणं पोटभर पाणी प्याली आणि आपल्या मर्जीनं निघून गेली. लाडू तोवर विरघळला होता, तरी भाऊजी बोलले नाहीत.

मोशीला नदी ओलांडली, तरी नाहीत. मला ते सोसेना. "भाऊजी, दिसलं बुवा एकदाचं," मी म्हटलं. "आम्हाला तरी आजवर कुठं दिसलं होतं!"

ते हसले. "पुरे रे. मी तुमच्याकडं तोंड करून चालायचो ना? हरीण आलं की मला तुमच्या तोंडांवर कळायचं. अगदी लहान पोरांसारखी व्हायची रे तोंडं तुमची. वळावंसं फार वाटायचं, पण ती तोंडं सोडून मला वळवत नसे."

भाऊजी आता नाहीत. त्यांची फार आठवण येते. कधी त्या बाजूला गेलो, तर मी तळ्याकडं पाठ करून घटकाभर उभा राहतो. समोर कुणी नसतं.