दिन्याची विमानं

आम्ही गाव सोडला त्या दिवशी टेम्पोवाल्याने दुपारपर्यंतच सगळ्या फेर्‍या उरकल्या. अंतरच तेवढं होतं. लोक गाव सोडून अमेरिकेला जातात, दुबईला जातात, गेला बाजार मुंबईला तरी जातात. आम्ही करंजाड्याला आलो, रिक्षाच्या वाटेवर. याला काय स्थलांतर म्हणायचं, असं माझ्या ऑफिसातला सातार्‍याचा मित्र हसून विचारतो. मी म्हणतो, तुझा गाव आहे ना अजून जागेवर? मग गप्प बस.

दारं, खिडक्या, कौलं आम्ही आधीच उतरवून घेतली होती. शेवटच्या फेरीला माझा धाकटा भाऊ दिन्या चादरीत गुंडाळलेलं त्याचं विमान घेऊन आला. खेळण्यातलं नव्हे. थर्माकोल, बांबूच्या कामट्या, मोटर, बॅटरी, सगळं त्याने स्वतः जुळवलेलं, रिमोटवर उडणारं, दोन्ही हात पसरले तरी पंखांची टोकं बाहेर राहतील एवढं. आईने ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि दार नसलेल्या घराच्या उंबर्‍यावर नेऊन ठेवलं. म्हणाली, "याच्या पायी गाव गेला. यालाच बसव आथा राखनीला."

दिन्या तसाच मागे वळला. टेम्पोच्या मागच्या फळीवर बसला आणि करंजाडं येईपर्यंत स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. दुसर्‍या दिवशी जेसीबी आला. विमानाचं काय झालं ते बघायला आमच्यातलं कुणी गेलं नाही.

विमानांचा नाद आम्हाला लागला तो मिठागरांमुळे. गावामागे मिठागरं होती, त्यांच्यापलीकडे सपाट मोकळं रान. हिवाळ्यात दर रविवारी मुंबईहून शौकीन लोक गाड्या भरभरून यायचे आणि तिथे विमानं उडवायचे. विमान हमखास तिवरांच्या चिखलात पडायचं, आणि त्या चिखलात चालायचं कसं ते फक्त आम्हाला ठाऊक. दिन्या तेव्हा कॉलेजात होता, मी जासईच्या कंटेनर यार्डात नुकताच लागलो होतो. आम्ही पडलेलं विमान आणून द्यायचो, आणि फारच मोडलं असेल तर साहेब लोक म्हणायचे, राहू दे तुम्हालाच. त्या मोडक्यांतून दिन्या शिकला.

त्याचं डोकं असं की आहे ते विमान त्याला कधी तसंच चालायचं नाही. साहेबांच्या विमानांची चाकं चिखलात रुतायची. याने निळ्या ड्रमचं प्लॅस्टिक कापलं, चुलीवर शेकून पुढून वर वाकवलं आणि चाकांच्या जागी त्या पट्ट्या बसवल्या. विमान चिखलावरून घसरत येऊन अलगद थांबायला लागलं. दुपारनंतर खाडीवरून वारा सुटतो म्हणून पंख वीतभर वाढवले. मग शेपूट जड झाली, तर काकाच्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या काढून नाकात भरल्या. काका शिव्या घालत होता. पंखांखाली दोन बोटं धरून विमान तोलायचं, नाक किंचित खाली झुकलं की जमलं. नाही झुकलं तर दिन्या शांतपणे म्हणायचा, "दादा, अजून एक गोळी."

रोज संध्याकाळी ते विमान गावावरून एक फेरी मारायचं. खालून कुणी हात हलवला की दिन्या विमानाचे पंख डावीउजवीकडे डुलवायचा. म्हातारेसुद्धा हात हलवायला लागले. आई अंगणात सुकट वाळत घालता घालता हात हलवायची आणि पंख डुलले की लहान पोरीसारखी हसायची. या गोष्टीचं मला आता फार वाईट वाटतं, कारण पुढचं सगळं यातूनच आलं.

एका सकाळी गावावर एक विमान आलं. छोटंसंच, पांढरं. दिन्या कॉलेजात होता, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. शेत नांगरावं तसं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जायचं, वळायचं, परत यायचं. अख्ख्या गावाने हात हलवले. त्याने पंख डुलवले नाहीत. आई म्हणाली, "आज दिन्या रुसलाय वाटतं."

ते सर्व्हेवाल्यांचं होतं. पुढे नकाशे आले, त्यात प्रत्येक घर, प्रत्येक विहीर, गोठासुद्धा. गावाच्या जागेवर विमानतळ येणार हे तर किती वर्षं आधी ठरलेलं, मोर्चे काढून झाले होते, बैठका होऊन थकल्या होत्या. ते विमान आलं नसतं तर फूटपट्टी घेऊन माणसं आली असती. मी आईला हे शंभरदा सांगितलं. पण तिचं एकच. म्हणायची, "या पोर्‍याच्या इमानांची सवय नसती तर आमी दगर मारलं असतं." राग कुणावर तरी काढायचा असतो माणसाला. सरकार काही रात्री जेवायला घरी येत नाही. दिन्या येत होता.

करंजाड्याला आल्यावर महिनाभरात तो बेंगळुरूला निघून गेला. तिथे एका ड्रोनवाल्या कंपनीने त्याच्या हातातली कला बघून त्याला ठेवून घेतलं. मग वर्षं गेली. रविवारी फोन यायचा. आई फोन घ्यायची, विचारायची, जेवलास काय? तो म्हणायचा, जेवलो. आणि फोन माझ्याकडे परत. तो म्हणायचा, दादा, तिने एकदा म्हणू दे की माझ्यामुळे नाही गेला गाव, मी लगेच येतो. आई म्हणायची, पोटचा पोर आहे, सांगायला कशाला लागतं? दोघं एकाच खाणीतले दगड. मध्ये चेचलं जायला मी होतोच.

इथे आमची बिल्डिंग आहे. सोसायटी आहे. गच्चीवर सुकट वाळत घातली तर वास येतो म्हणून वर सूचना लागते. सगळे चांगले लोक आहेत, देशावरचे, कोकणातले, गणपतीत आरतीला बोलावतात. पण आईला कधी इथे आल्यासारखं वाटलंच नाही, ती आपली चपला घालून बसल्यासारखी बसायची.

आणि मी विमान करतो. अजूनही. विमानतळ एवढा जवळ की इथे काही उडवायचं नाव काढायची सोय नाही, पोलीस उचलतील. म्हणून मी फक्त सुधारतो. पंख बदलतो, शेपूट छोटी करतो, मोटर मागे घेतो, परत पुढे आणतो. बायको म्हणते, एवढं टेन्शन घेऊन करता, उडणार कधी? एका रविवारी पंख चिकटवताना मला तिसरा हात हवा होता. बायको बाजाराला गेलेली. आई उठली, जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "धरतंय मी. तू लाव." जन्मात तिने त्या वस्तूंना प्रेमाने हात लावला नव्हता. गोंद सुकेपर्यंत तिने श्वास रोखून पंख धरला. त्यानंतर दर वेळी तीच धरायची. दिन्या कसा लावायचा, असं विचारायची.

गावाशेजारचा डोंगर फोडून, नदी वळवून धावपट्टी झाली आणि मग खरी विमानं सुरू झाली. आई गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागली. कुठलं विमान कुठून येतंय ते माझ्या मोबाइलमध्ये दिसतं. मी सांगायचो, हे दिल्लीचं, की ती मान खाली घालून मेथी निवडायची. बेंगळुरूचं म्हटलं की उठून उभी राहायची आणि ते इमारतींमागे उतरेपर्यंत बघायची.

शेवटी एका रविवारी पंख धरलेला असतानाच तिने सांगितलं. माझ्याकडे न बघता. "त्या पांढर्‍या इमानाला पयला हात मीच हलवला होता. मना बघून बाकीच्यांनी हलवला."

मी म्हटलं, दिन्याला सांगू?

"तू नको. तो आला की मी सांगन. फोनवर सांगायची गोस्ट हाय का ती?"

मी दिन्याला फोन केला. म्हटलं, ये, आईला काहीतरी बोलायचंय तुझ्याशी, आणि तुला हवं तेच आहे. त्याने मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, होळीला येतो. आईला सांगितलं तर तिने त्याच दिवशी सुके बोंबील आणून डब्यात भरून ठेवले. मी म्हटलं, होळीला अवकाश आहे अजून. तर म्हणाली, राहतात चांगले.

होळीच्या आधीच तिला झटका आला. पनवेलच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, जवळच्यांना बोलावून घ्या. दिन्याला सकाळचं विमान मिळालं. ते सुटलं तेव्हा ती होती. तो आकाशात असताना ती गेली. त्याला कळवणार कसं, फोन बंद. आम्ही तिला घरी आणलं.

हात हलवल्याचं मी त्याला तेराव्यानंतर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हात हलवताना हसत होती का?" मी म्हटलं, हो, हसत होती. मग तो रडला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

पण मला सारखी आठवते ती त्या सकाळची वेळ. आईला पुढच्या खोलीत ठेवलं होतं. झटक्याचं कळल्यापासूनच गावच्या बायका जमल्या होत्या, कुणी उलव्याहून, कुणी उरणहून, कुणी याच गल्लीतून. इतक्या वर्षांत त्या सगळ्या एका खोलीत आल्या नव्हत्या. माझा फोन वाजला. दिन्या होता. मागे गोंगाट होता, बॅगा काढणार्‍या लोकांचा.

"दादा, उतरलो. डोंगर नाय दिसला, नदी नाय दिसली, पन मना कळलं. आपल्याच रानात उतरलो रे. आईला सांग. सांग, दिन्या गावात आला."

त्याला त्या क्षणी खरं सांगायची माझी छाती झाली नाही. सांगतो, म्हटलं. फोन ठेवला, बायकांना जरा सरकायला सांगितलं, आईच्या कानाशी वाकलो आणि मोठ्याने म्हणालो, "आये, दिन्या गावात आलाय."

बायका रडायच्या थांबल्या. सगळ्यांनी ऐकलं. गाव कुठे राहिलाय आता, असं त्यांच्यातली एकही म्हणाली नाही.