निवलेला दगड

हिंगोलीत हळद शिजायला लागली की तिचा ओलसर, मातकट वास आमच्या गल्लीपर्यंत येतो. आणि मला वेरूळची एक गार, काळी कोठडी आठवते.

मी सातवीत असेन. हंगामभर लोकांच्या हळदीच्या कढईपाशी राबलेली आई, बाबा आणि मी एसटीनं लेणी बघायला गेलो होतो. आईनं बाहेरच चपला काढल्या. विहारात चपला घालून कसं जायचं! आत भिक्खूंच्या निजायच्या कोठड्या होत्या. दगडाचाच ओटा, दगडाचीच उशी. बाबा म्हणाले, "हा सारा डोंगर कधीकाळी जमिनीतून उकळत वर आला होता."

आईनं ओट्यावर पिवळा तळहात टेकवला. "व्हय? अन् मंग एवढा निवला?" म्हणत ती बसली, आडवी झाली आणि बघता बघता झोपली.

आईला झोपलेलं मी तोवर पाहिलंच नव्हतं. "आई, मूर्ती बघायच्या राहिल्या," म्हणत मी तिला हलवायला गेलो, तर बाबांनी माझा हात धरला. "झोपू दे रे. घरी कुठं पाठ टेकून राहिली ती?" मग ते दारातच बसले आणि डोकावणाऱ्या प्रत्येकाला हळूच सांगत राहिले, "आत माणूस निजलंय."

त्या दिवशीच्या मूर्ती मला आठवत नाहीत. आठवतात ते अंधुक उजेडातले आईचे भेगाळलेले तळपाय, आणि तिचा संथ श्वास.

ती उठली तेव्हा दगडी उशीवर तिच्या घामेजल्या हाताचा पुसट पिवळा डाग राहिला होता. बाबांनी पुसायला रुमाल काढला, क्षणभर डागाकडे पाहिलं आणि रुमाल परत खिशात ठेवला.