पाणी बघणारा डोळा

कोरेगावच्या स्टँडवर आईनं माझ्या पिशवीत भाकरीचं फडकं कोंबलं आणि माझ्या कपाळाकडं बघत म्हणाली, "मान खाली ठिवून काम करायचं. कुणाच्या तोंडाकडं बघत बसायचं न्हाई." मी एकोणीस वर्षांची होते. कराडला गाडी बदलून तासगावला मावशीकडं निघाले होते, तिथं बेदाण्याच्या शेडमध्ये काम मिळालं होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, स्टँडवर आले नव्हते. गाडी हलली तशी मी खिडकीतून आईकडं बघायला लागले. आईनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मागं वळली. मी तिच्या मागं कुणाकडं बघतेय, ते ती शोधत होती.

माझा डावा डोळा तिरळा आहे, नाकाकडं वळलेला. मी बघते उजव्यानं, पण समोरचा माणूस डाव्याकडं बघतो आणि माझं ध्यान भलतीकडं आहे असं ठरवून टाकतो. मी कंडक्टरपुढं तिकिटाला हात करते आणि तो माझ्या मागच्या बाईला विचारतो, कुठं जायचंय. आता चाळिशी उलटली, याचं काही वाटत नाही असं मी चारचौघांत सांगते. ते खोटं आहे. रोज वाटतं.

जन्मताना डोळा सरळ होता. तीन वर्षांची असताना गोवर निघाला, ताप उतरला आणि डोळा फिरला. त्याच महिन्यात आमच्या विहिरीला पाणी लागलं. पाणी कुठं लागेल ते सांगणारा जो पाणाडी आप्पांनी आणला होता, त्यानं मला विहिरीच्या काठावर बघितलं आणि म्हणाला, "ही पोर एका डोळ्यानं वरचं बघती आन् एका डोळ्यानं जमिनीखालचं." झालं. एवढ्या एका वाक्यावर माझं सगळं बालपण उभं राहिलं.

त्यानंतर गावात कुणाचीही विहीर असो नाहीतर बोअर, मला बोलावणं यायचं. नवा फ्रॉक, कपाळभर कुंकू, हातात नारळ. मी रानात चालायचं, पाय थांबतील तिथं उभं राहायचं, आणि तिथंच नारळ फुटायचा. खोटं कशाला सांगू, मला ते लय आवडायचं. शाळेत पोरं चकणी म्हणायची आणि त्याच पोरांचे बाप मला खांद्यावर बसवून रानात न्यायचे. पेढे मिळायचे. पाणी लागलं तर माझ्यामुळं, नाही लागलं तर कडक उन्हाळ्यामुळं. शाळेतल्या गुरुजींनी दोनदा घरी येऊन सांगितलं होतं, पोरीला साताऱ्याला नेऊन डोळे दाखवा, लहान आहे तोवर काही होईल. आप्पा म्हणाले, "देवानं दिल्यालं दुरुस्त कशाला करायचं? तिच्या डोळ्यावर निम्मं गाव पाणी पितंय." गुरुजी चहा पिऊन गेले.

मग दहाव्या वर्षी शेजारच्या रानात बोअरचं मशीन लागलं. नारळ मीच फोडला. दुपारपर्यंत नुसता पांढरा फुफाटा उडत राहिला, आमची सगळ्यांची तोंडं राखेत घातल्यासारखी झाली, आणि पाण्याचा थेंब नाही. तोवर गावात तीन बोअर लागोपाठ कोरडे गेले होते. त्या घरच्या बाईनं माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाली, "नजर लावली हिनं." दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर एका बाईनं मला बघून लेकराच्या तोंडावर पदर ओढला, आणि मला कळलं की डोळा तोच आहे, माणसं फिरलीत. आप्पा तेव्हापासून चारचौघांत मला हाक मारीनासे झाले.

भाग्याचा म्हणून जो डोळा दुरुस्त केला नाही, तो लग्नाच्या वेळी लपवायची पाळी आली. आईनं मला आरशासमोर बसवून शोधून काढलं होतं की मान जराशी उजवीकडं करून डाव्या हाताला बघितलं की डोळे जवळपास सरळ दिसतात. म्हणून त्या बाजूच्या भिंतीवर खतवाल्याचं कॅलेंडर लावलं आणि बघायला पाहुणे आले की मी त्या कॅलेंडरशी बोलायचं. दोन प्रश्न निभावले. मग मुलाची आत्या म्हणाली, "पोरी, माझ्याकडं बघ की." मी बघितलं. ती म्हणाली, "अगं, माझ्याकडं बघ म्हटलं न्हवं." मी तिच्याकडंच बघत होते. पोह्याच्या बशा तशाच राहिल्या. महिन्याभरात मी तासगावच्या वाटेला लागले.

शेडमध्ये मात्र मला बरं वाटलं. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बायका, मधे बेदाण्याचा ढीग, आणि सगळ्यांच्या माना खाली. काडी वेगळी, काळा दाणा वेगळा, हिरवा वेगळा. आठ-आठ तास कुणी कुणाच्या डोळ्याकडं बघत नाही. पहिल्यांदाच मी चार माणसांत बसून जोरात हसले. पुढं सांगलीच्या एका पॅकिंग युनिटात सुपरवायझर झाले आणि मान वर करावी लागली. मी म्हणायची "हा ढीग नीट करा" आणि दोघी उठायच्या किंवा कुणीच उठायचं नाही. मग मी नावं पाठ केली. पहिल्या आठवड्यात सगळ्या बायकांची, त्यांच्या सासरच्या गावासकट. आता मी नाव घेतल्याशिवाय कुणाशी बोलत नाही, आणि बायका म्हणतात मॅडमचा जीव लय आमच्यावर.

चष्म्यासाठी म्हणून सांगलीत डॉक्टरांकडं गेले. त्यांनी माझा उजवा डोळा झाकला आणि समोरचा तक्ता वाचायला सांगितला. तक्ताच दिसेना. तीस वर्षं माझ्या तोंडावर असलेल्या डोळ्याला दिसत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, डोळा चांगला आहे, पण वळल्यावर मेंदूनं त्याचं ऐकणं सोडून दिलं. लहानपणी चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून याला कामाला लावलं असतं तर नजर वाचली असती. ऑपरेशन करून सरळ करता येईल, दिसायला बरं दिसेल, बाकी आता काही नाही. मी म्हटलं, राहू दे. रिक्षात बसले आणि माधवनगर येईपर्यंत रडले. मला राग आला होता, आईवर, आप्पांवर, त्या पाणाड्यावर, आणि पेढे खाणाऱ्या स्वतःवरसुद्धा.

यंदा उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाचा, दत्ताचा, फोन आला. "आक्का, रविवारी बोअर मारतुय. तू ये." मी गेले. रानात मशीन उभं होतं, निम्मा गाव जमला होता. आणि मशीनच्या पुढं दत्ताची लेक, माझी पाच वर्षांची स्वरा, नव्या फ्रॉकात, कपाळभर कुंकू, हातात नारळ. तिनं "आत्या" म्हणून वर बघितलं. डावा डोळा नाकाकडं.

"कवापासनं?" मी दत्ताला विचारलं.

"दिवाळीपासनं. आप्पा म्हणत्यात तुझाच डोळा घेतलाय तिनं."

मी जाऊन तिच्या हातातला नारळ काढून घेतला. आप्पा खुर्चीवर बसले होते, तिथूनच म्हणाले, "शुभ कामात आडवी येऊ नगंस." आईनं पदर तोंडाशी धरला. मी स्वरासमोर खाली बसले, तिच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं धरली.

"स्वरा, किती?"

तिनं मान पुढं काढली. मी बोटं जवळ नेली. तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "आत्या, हात काढ. मला दिसत न्हाई."

"ल्हान हाय, भ्याली आसंल," आप्पा म्हणाले. मी हात काढून डाव्या डोळ्यावर ठेवला. "तीन," ती पटकन म्हणाली. एवढं सगळ्यांनी ऐकलं. मशीनवाल्यानं इंजिन बंद केलं होतं, त्यामुळं न ऐकल्याचं नाटक करायला कुणाला जागा नव्हती.

मी म्हटलं, हिला आज सांगलीला नेते. दत्ता मधे आला. बिचारा कात्रीत सापडला होता. "आक्का, एवढा नारळ फुडू दे तिला. मग दोन दिसांनी मीच घिऊन येतो." त्याचं म्हणणं कुणालाही पटलं असतं. पण मला पुढचं दिसत होतं. पाणी लागलं तर हा डोळा देवाचा होणार, मग त्याला कुणी हात लावू देणार नाही. नाही लागलं तर याच पोरीला बघून उद्या बायका पदर ओढणार. तो नारळ फुटला असता तर कसंही झालं तरी पोरगी गेलीच होती. मी हे सगळ्यांसमोर, आप्पांच्या तोंडावर सांगितलं. वर हेही सांगितलं की मला डाव्या डोळ्यानं आजवर काही दिसलेलं नाही, पाणीही नाही आणि तुमचं तोंडही नाही. आयुष्यात पहिल्यांदा आप्पांना उलटं बोलले. ते उठले आणि विहिरीकडं चालायला लागले. दत्ता तिथंच मान खाली घालून उभा राहिला.

स्वराची आई, अर्चना, तोवर मागं उभी होती. ती घरात गेली आणि पिशवी भरून बाहेर आली. वर पाण्याची बाटली. "पाचची गाडी घावंल," एवढंच म्हणाली. तिनं पोरीचं कुंकू पदरानं पुसलं. गाडीत कराड येईपर्यंत मी सारखी मागं बघत होते, दत्ता मोटारसायकलवरनं येऊन पोरीला उतरवून घेईल असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दत्ताचा फोन आला. बोअर मारला होता आणि पाणी लागलं होतं. वर म्हणाला, "आप्पा म्हणत्यात, आक्का यिऊन हुबी राहिली म्हणून लागलं." मी फोन ठेवून हसले, आणि हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, दोन्हींना.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलीत. चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी, चष्मा, आणि जवळचं बारीक काम. म्हणून स्वराला मी माझ्याकडंच ठेवून घेतलं. पहिला महिना वैरी होता. पोरगी दाराला धडकायची, पट्टी ओरबाडायची, "तू वाईट हायस" म्हणून मला मारायची. जूनमध्ये इथल्या शाळेत घातली, तिथं एका मुलानं पट्टी बघून पायरेट म्हटलं, घरी येऊन तिनं मला विचारलं ते काय असतं. बारीक काम म्हणून मी युनिटातून मूठभर बेदाणे आणायची आणि ती पट्टी बांधून त्यांचे देठ काढत बसायची. आधी चाचपून. मग नाक टेकवून. हळूहळू मान वर यायला लागली.

गेल्या आठवड्यात आई आली, एकटी, आप्पांना न विचारता. स्वरा दारात पट्टी बांधून बसली होती. तिनं झाकलेला डोळा तसाच ठेवून वर बघितलं आणि म्हणाली, "आज्जी, तुझ्या बांगडीला टाका दिलाय." आई पायरीवरच बसली. सोनारानं बांगडी जोडलेला तो बारीक टाका तिला स्वतःलाही चष्म्याशिवाय दिसत नाही.

मी चहा टाकला. आई माझ्यासमोर ओट्याशी येऊन उभी राहिली. ती नेहमीसारखी माझ्या कपाळाकडं बघेल म्हणून मीच मान खाली घातली. गाव सोडून एकवीस वर्षं झाली, कुणी गाव विचारलं की मी कोरेगावचं नाव सांगते, पण तिथं कुणाच्या नजरेत मी कधी बसले नाही, हे मला माहीत आहे. आईनं माझी हनुवटी वर केली, लहानपणी वेणी घालताना करायची तशी.

"खरं सांग," ती म्हणाली, "तुझ्यासंगं बोलताना कुठल्या डोळ्याकडं बघू गं मी?"

"उजव्या," मी म्हटलं.

तिनं बघितलं. चहा उतू गेला तरी आम्ही दोघी तशाच उभ्या होतो.