भरल्या गाडीचं माप

मस्तानचाचा सकाळच्या चहाआधी आपल्या जुन्या ॲम्बॅसिडरच्या चारी टायरांवर तळहात टेकवायचे. तापलेल्या लेकराचं कपाळ बघतात, तसा. मग स्वतःशीच म्हणायचे, "ताप न्हाय." गाडी आठवडाभर जागची हलली नसली तरी हा नेम चुकायचा नाही.

येरमाळ्यात त्यांचं घर आमच्या घराला लागून. आयुष्यभर त्यांनी एसटी चालवली आणि निवृत्त झाल्यावर ही गाडी जपली. भाड्याने कधी दिली नाही. तिचं काम एकच, गल्लीतली लेक सासरी निघाली की तिला पोचवायची. हिंदूची असो नाहीतर मुसलमानाची, धुतलेला पांढरा शर्ट घालून चाचाच चालवायला बसत. त्यांना मुलगी नव्हती. कोणी तो विषय काढला तर म्हणत, "एक पोरगी असती तर एकदाच रडलो असतो. आता दर सालाला रडतो."

माझ्या सारिकाचं लग्न ठरलं तेव्हा गाडीचे टायर म्हातारे झाले होते. वरची नक्षी शिल्लक होती, पण बाजूला भेगा पडलेल्या. चाचांनी मला बोलावून दाखवल्या. म्हणाले, "सूनबाई, ह्या टायरावर म्या तुझी पोरगी न्हेणार न्हाय. दुसरे घावले तर ठीक, न्हाय तर नवरदेवाच्या गाडीत बसव."

सारिका बोलायला लागल्यापासून त्या गाडीला "माझी गाडी" म्हणायची. हे ऐकून ती रडली नाही. पदराने गाडीची काच पुसायला लागली. मला ते जास्त लागलं.

त्या मापाचे टायर आता सहज मिळत नाहीत. चाचांचा मुलगा जावेद पुण्याला नोकरीला. त्याने तिकडून चकचकीत मॅगव्हीलची चाकं आणि रुंद टायर आणले. भोकं जुळली, नट बसले. गल्ली बघायला लोटली. गाडी खरंच देखणी दिसत होती. चाचांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि आम्हा बायकांना हाक दिली, "या समद्या. मागं बसा."

शेजारच्या शकुंतलाबाई अंगाने भरलेल्या आणि तोंडाने तिखट. त्या म्हणाल्या, "चाचा, आमी काय पोती हाव व्हय?"

"पोती बरी, बाई. गप तरी बसतेत."

आम्ही दाटीवाटीने बसलो. मी दाराशी, पदर तोंडाला लावून. डिक्कीत ज्वारीचं पोतं टाकलं. चाचांनी गाडी हळूहळू गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. तिथे गटारावर उंचवटा आहे. मागचं चाक त्यावरून खाली उतरलं आणि बुडाखालून खर्रर्र आवाज आला. टायर मडगार्डला आतून घासला होता.

"अब्बा, मडगार्ड जरा ठोक के लेंगे ना," जावेद म्हणाला.

"जूता नै आता तो पाव काटते क्या रे?"

"पर दिसते कित्ते अच्छे!"

चाचा आम्हाला ऐकू जावं असं मराठीत बोलले, "दिसायला नवरदेव हाय की. गाडीनं कशाला मिरवायचं?"

आम्ही हसलो. जावेद मात्र रागावला, त्या दिवशी बापासोबत जेवायला बसला नाही. लेकाने हौसेने आणलेली चाकं काढताना चाचांचाही चेहरा उतरला होता, पण त्यांनी ती काढलीच. मला म्हणाले, "गाडी बनवणाऱ्यानं चाकावर जागा उगं सोडली न्हाय. माणसं बसली की गाडी खाली बसती, तवा ती लागती. रिकाम्या गाडीचं माप खोटं असतं."

मग ते एसटीने कळंबला गेले, बार्शीला गेले. बार्शीत एका दुकानात अगदी त्याच मापाचे टायर निघाले, पण ते किती वर्षं पडून होते कुणास ठाऊक. चाचांनी नखाने नक्षी फाकवून बघितली तर तळाशी बारीक भेगा. दुकानदार म्हणाला, कोरे आहेत, रस्तासुद्धा बघितलेला नाही. आल्यावर चाचाच सांगत होते, "म्या म्हणलं, लगीन न्हाय झालं म्हणून माणूस म्हातारं व्हायचं ऱ्हातंय का?"

लग्न तोंडावर आलं. मुलाकडच्यांचा निरोप आला की आम्ही मोठी गाडी सजवून आणतो. मला परक्यांशी बोलायला सुचत नाही, मी होही म्हणाले नाही आणि नाहीही. सारिकाने ते ऐकलं होतं.

हळदीच्या दिवशी चाचा लातूरहून टेम्पोतून उतरले, टायर घेऊन. मापाचा आकडा तोच नव्हता, पण उंची जुन्याएवढीच आणि रुंदीला बोटभर जास्त. ते गाडीच्या मूळच्या लोखंडी चाकांवर, डिस्कवर चढवले. पुन्हा हाक आली, "या, पोत्यांनो!" हळदीच्या अंगांनी आम्ही बसलो. गाडी उंचवट्यावरून गेली, आवाज नाही. आम्ही बसलेल्या असतानाच चाचांनी खाली वाकून टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोटं घातली. ती मोकळी फिरली. उठून म्हणाले, "सूनबाई, आता सांग त्यास्नी."

दुसऱ्या दिवशी नवरदेवाचे मामा म्हणाले, "ह्या जुन्या डब्यात न्हेता व्हय पोरीला?" मी म्हणाले, "ती चाचांच्या गाडीतच जाईल." माझा आवाज मलाच मोठा वाटला. सारिका गेली. पुढे चाचांशेजारी जावेद बसला होता. परत आल्यावर चाचांनी चारी चाकांना हात लावला. "ताप न्हाय," म्हणाले, आणि मग डोळे पुसले.

मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. गाडी अंगणात उभीच होती. जावेद विकून टाकील असंच सगळ्यांना वाटलं. सारिकाच्या लग्नातले टायरही आता भेगाळले होते. तेवढ्यात तांबोळ्यांच्या शबानाचं लग्न ठरलं, आणि एका सकाळी जावेद दारात उभा राहिला. "काकू, बसायला येता का? मागं समद्या पाहिजेत."

बाहेर जाऊन बघितलं तर त्याच लोखंडी डिस्कवर नवे टायर चढवलेले होते.

शकुंतलाबाई आजारपणाने आता वाळून गेल्यात. वजन भरावं म्हणून जावेदने त्यांच्या शेजारी ज्वारीचं पोतं ठेवलं. एरवी त्यांनी त्याला सोडलं नसतं, आज त्यांनी पोतं जरा जवळ सरकवून घेतलं. गाडी हळूहळू गटाराच्या उंचवट्याकडे निघाली. चाक घासतं का ते ऐकत आम्ही सगळ्या पोत्यांसारख्या गप्प बसून होतो.