सांडलेला पारा

आईला ताप होता म्हणून तिला तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. ताप बघताना सिस्टरच्या हातून थर्मामीटर निसटला आणि फुटला. पाऱ्याचे चंदेरी मणी फरशीवर धावत सुटले. इतकं देखणं विष मी प्रथमच पाहत होतो. एक मणी उचलायला आई कौतुकानं कॉटवरून वाकली.

"आजी, हात लावू नका!" सिस्टर ओरडल्या. त्यांनी पंखा बंद केला, खिडक्या उघडल्या, सगळ्यांना व्हरांड्यात नेलं. मग हातमोजे घालून जाड कागदानं एकेक मणी गोळा केला आणि बाटलीत बंद केला.

"झाडून मोरीत टाकला असता तर?" मी विचारलं.

"मोरीतून नदीत गेला असता, नदीतून माशांत, आणि माशांतून आपल्या ताटात."

संध्याकाळी डॉक्टरांशी बोलून त्यांनी वॉर्डातले उरलेले काचेचे थर्मामीटरही काढून घेतले. आकडे दाखवणारा नवा थर्मामीटर पाहून आई म्हणाली, "याचा काय भरवसा?"

सिस्टरनी आधी तिच्या कपाळावर हात ठेवला, मग आकडा दाखवला. "ताप उतरलाय, आजी. हात सांगतोय तेच हाही सांगतोय." आई हसली.

जुनी सवय सुटते, नक्की सुटते. फक्त ती घातक आहे एवढं सांगून भागत नाही. कुणाला तरी कपाळावर हात ठेवावा लागतो.