नानांची सही

नाना गेल्याचा निरोप मोबाईलवर आला तेव्हा मी कारखान्यात एका खांबावरच्या रंगाची जाडी मोजत होतो. मोजायला शिकवलं नानांनीच. अंत्यविधीला मात्र गेलो नाही. आमच्या एमआयडीसीपासून नानांचं भिंगार ते कितीसं लांब... गाडी बंद पडली असं मी सगळ्यांना सांगितलं. गाडी ठणठणीत होती.

सदाशिवनाना आमच्याकडे रंगाचे इन्स्पेक्टर होते. आम्ही लोखंडी सांगाडे बनवायचो, रंगवायचो, आणि नानांनी सही केल्याशिवाय एकही खांब ट्रेलरवर चढायचा नाही. आधी लोखंडाचं तापमान आणि हवेतला ओलावा मोजून रजिस्टरात लिहायचा, मगच पहिला हात. थंडीत सकाळी लोखंडावर डोळ्यांना न दिसणारं दव असतं. त्यावर मारलेला रंग दिसतो झकास, पण एका पावसाळ्यात पोपडे धरतो. "लोखंडाला घाम आलाय, ऊन चढू दे," असं म्हणून नाना आम्हाला बसवून ठेवायचे. त्यांच्या माघारी आम्ही त्यांना 'पंचांग' म्हणायचो, कारण मुहूर्त काढल्याशिवाय त्यांचा रंग लागत नसे.

नेवाशाकडच्या एका साखर कारखान्याचे खांब होते. गाळप तोंडावर आलेलं, ट्रेलर दारात उभा, मालकांचे फोनवर फोन. नेमकं त्याच दिवशी काकूंच्या, म्हणजे नानांच्या बायकोच्या, डोळ्याचं ऑपरेशन निघालं. नानांचा पाय निघेना. मीच म्हणालो, "नाना, तुम्ही जा. मी स्वतः बघतो." आणि सकाळी सातला, लोखंड ओलं असताना, मी रंग सुरू केला. रजिस्टरात आदल्या दुपारचे आकडे उतरवले. संध्याकाळी नाना दवाखान्यातून थेट आले तेव्हा खांब रंगून झाले होते. त्यांनी पान उघडलं. "तू बघितलंस न्हवं?" मी होय म्हणालो. न बघता त्यांनी केलेली ती एकच सही.

पुढच्या पावसाळ्यानंतर खांबांचे पोपडे निघाले. साखर कारखान्याची माणसं रजिस्टर बघायला आली. मालकांनी नानांना केबिनमध्ये बोलावलं, मीही तिथंच होतो. "ही सही कुणाची?" नानांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी टेबलावरचा पेपरवेट बघत होतो. "सही माजी हाय," ते म्हणाले... एवढंच. महिनाअखेरीला ते घरी बसले. मी मिठाची गुळणी धरून गप्प राहिलो आणि वर त्यांच्याच खुर्चीत बसलो. या सगळ्याची मला लाज वाटते, आणि ती आज वाटू लागली असंही नाही.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी भिंगारला गेलो. काकूंनी चहा दिला. म्हणाल्या, "तुमी आलात, बरं झालं. कामाचं लई वेड हुतं त्यांना. दर आयतवारी डबा घिऊन एस्टीनं नेवाशाकडं जायचे. मी म्हनायची, काढलं ना कामावरनं, आता कशाला? तर म्हनायचे, माजं एक काम ऱ्हायलंय तितं." कोणतं काम, हे काकूंना ठाऊक नव्हतं. मी चहा कसाबसा संपवला.

परवाच्या रविवारी मी त्या साखर कारखान्यावर गेलो. वॉचमनला नाना चांगले आठवत होते. "रंगवाले बाबा व्हय? सोताचा रंग आनायचे. गंज खरवडायचे, मग ऊन चढंस्तोवर बसून ऱ्हायचे. शिडी द्यायची परवानगी न्हवती आमाला, मग जमिनीवरूनच करायचे." त्यानं मला खांबांपाशी नेलं. नाना ठेंगणे. हात उंच करून त्यांना पोचेल तिथवर प्रत्येक खांबाचा रंग शाबूत होता. त्याच्या वर सगळं माझं काम होतं, पोपडे धरलेलं, गंजलेलं.

मालकांना अजून काही सांगितलेलं नाही. इथं आधी लिहिलं, कारण लिहिताना माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.