संजीवनीची लेक

साखरबाईची उमर उसाच्या फडात गेली. दसरा सरला की लहानग्या लेकीला, संजीवनीला, बीडकडच्या गावी मावशीजवळ ठेवायची आणि नवऱ्याबरोबर सोमेश्वरनगरला साखर कारखान्याजवळ पाचटाच्या कोपीत येऊन राहायची. पुढं ती सोमेश्वरनगरलाच राहिली. लेक नर्सिंग शिकली, तिच्या हातात कोयता आला नाही, एवढं समाधान. पण जावई अपघातात गेला, आणि चार वर्षांच्या लेकीला, श्रेयाला, आईच्या पदरात टाकून संजीवनी कुवेतला एका म्हातारीची सेवा करायला गेली.

तिथं चौदा वर्षं गेली. सोबतीला मारिसेल होती, फिलिपिन्सची. तिच्या मुलखातही ऊसच. बाप ऊस तोडायचा, आई हाँगकाँगला घरकाम करायची. आपल्या पोरींवर ही पाळी येऊ द्यायची नाही, असं दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकमेकींना सांगायच्या.

यंदा उन्हाळ्यात म्हातारी वारली आणि संजीवनी कायमची परत आली. श्रेया अठराची झाली होती, नुकती बारावी दिलेली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पुण्यात जपानी भाषेचा वर्ग हाय. मग जपानला जायचं. म्हाताऱ्यांना सांभाळायचं काम हाय."

"मी आलेय की आता. कशाला जातीस?"

"मला पहिल्यांदा पाळी आली तवा आजी व्हती. दहावीचा निकाल लागला तवाबी आजीच. तू आल्यावर कसं वागायचं असतं, ते मला ठावं न्हाय."

"कुणासाठी गेले व्हते मी?" संजीवनीचा आवाज चढला.

"माझ्यासाठी. म्हणून तर तुला काय बोलत न्हाय," श्रेया म्हणाली आणि आत गेली.

साखरबाई दारात बसून ऐकत होती. "तिला बोल लावू नगंस," ती म्हणाली. "फडावरनं मी आले की तू मावशीच्या मागं लपायचीस. एकदा तर मलाच इचारलंस, बाई, तुमी कवा जाणार?"

संजीवनीला यातलं काहीच आठवत नव्हतं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

तिनं मारिसेलला फोन लावून श्रेयाचं सांगितलं. मारिसेल म्हणाली, "माझी पोरगी गेल्या महिन्यात दुबईला घरकामाला गेली. तुला सांगायची लाज वाटली."

जूनमध्ये बारामतीच्या एसटी स्टँडवर पुण्याला निघालेल्या श्रेयाला सोडायला साखरबाई आणि संजीवनी गेल्या. श्रेया आजीच्या गळ्यात पडून रडली. आईच्या मात्र नुसती पाया पडली.

संध्याकाळी फोन वाजला. संजीवनीनं धावत जाऊन उचलला.

"पोचले," श्रेया म्हणाली. "आजीला दे."

संजीवनीनं फोन आईच्या हातात दिला आणि तिथंच जवळ बसून राहिली.